नऊ नंबरची पाटी

कुठल्याही घरात पाऊल टाकण्याआधी ते वर बघायचे. आधी छत, मग छताचे कोपरे, मग ज्या भिंतीला टेकून खुर्ची ठेवलेली असेल ती भिंत. यजमान हात जोडून "या, बसा" म्हणत असायचे आणि हे उंबऱ्याबाहेरच, मान वर करून, डोळे बारीक करून उभे. मग आत यायचे आणि दाखवलेली खुर्ची सोडून दुसरीवर बसायचे. का, ते आपणहून सांगायचे नाहीत. कोणी विचारलंच तर सांगायचे, आणि मग तो यजमान महिनाभर आपल्याच घरात वर बघत फिरायचा. त्यामुळे गावात त्यांना कोणी विचारत नसे.

मी त्यांच्या घरी वरच्या खोलीत सव्वा वर्ष भाड्याने राहिले. अमरावतीहून अकोल्याकडे जाताना मधे हे गाव लागतं. एके काळी त्याला चहूबाजूंनी तट होता. आता तटाचे तुकडे आणि तीन वेशी उरल्या होत्या. एका संस्थेने गावातल्या जुन्या जागांवर निळ्या पाट्या लावायचं ठरवलं होतं. पाटीवर चार ओळींची माहिती, खाली चौकोनी कोड, फोन त्यावर धरला की कानात त्या जागेची गोष्ट सुरू. अशा बावीस पाट्या. त्या बावीस गोष्टी लिहायच्या मी आणि सांगायच्याही मीच. त्याआधी मी अकोल्यात समारंभांचं निवेदन करायचे, जाहिरातींना आवाज द्यायचे. लोक माझ्या आवाजाला गोड म्हणायचे. पुढे त्याच आवाजाची मला भीती वाटेल असं तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

खोली बघायला गेले तेव्हा दार काकूंनी उघडलं. काका, म्हणजे आमचे घरमालक, अंगणात बसून काच कापत होते. बोटभर रुंद, वीतभर लांब पट्ट्या. मला वाटलं फोटोफ्रेमचा धंदा असेल. काकू म्हणाल्या, "ओव्हरसियर होते सरकारात, बांधकाम खात्यात. आता रिटायर हायेत. काचा चिकटवतात." पुढे त्यांनी काही समजावलं नाही, जणू दुसऱ्यांचे नवरे सकाळी फिरायला जातात तसं हे काचा चिकटवतात.

त्या काचांचं काम मला नंतर कळलं. भिंतीला भेग दिसली की तिच्यावर आडवी काचेची पट्टी ठेवायची आणि तिची दोन्ही टोकं सिमेंटनं पक्की करायची. वर रंगाने तारीख. भेग जागच्या जागी असली तर काच वर्षानुवर्षं तशीच राहते. भेग केसभर जरी हलली तरी काच तडकते. जुन्या ओव्हरसियर लोकांची ही पद्धत, साधी आणि खोटं न बोलणारी. काकांनी गावातल्या देवळावर, मशिदीच्या आवारातल्या भिंतीवर, वाचनालयाच्या जिन्याखाली, शाळेच्या मागच्या अंगाला, जिथे जिथे परवानगी मिळाली तिथे आणि काही ठिकाणी न विचारता, अशा काचा लावल्या होत्या. दर रविवारी सकाळी सायकलवरून सगळ्या बघून यायचे. गावात त्यांना काचवाले साहेबच म्हणत. खरं नाव पोस्टमनलाच तेवढं ठाऊक असावं.

"उभं हाय म्हंजे मजबूत हाय, असं नसते," हे त्यांचं आवडतं वाक्य. घरांबद्दल, पुलांबद्दल, एकदा तर शेजारच्या एका पुढाऱ्याबद्दलही त्यांनी ते वापरलं.

खरं सांगायचं तर त्यांची बहुतेक काळजी फुकट जायची. अकोल्याला त्यांच्या भाचीचं लग्न होतं. मलाही नेलं होतं. मंगल कार्यालयाच्या व्यासपीठावर दिव्यांची मोठी लोखंडी कमान बांधली होती. काकांनी ती बघितली आणि जेवले नाहीत. मग उठून त्यांनी पुढच्या दोन रांगांतल्या पाहुण्यांना एकेक करून, कानात काहीतरी सांगून, मागे नेऊन बसवलं. मुलाकडची माणसं समोर मोकळ्या खुर्च्या बघून संतापली. त्यांना वाटलं मुलीकडचे रुसले. नवरीच्या वडिलांनी काकांना हात धरून बाहेर नेलं. कमान पडली नाही. दुसऱ्या दिवशी कार्यालयवाल्याने ती सोडवून नेली, तिसऱ्या दिवशी दुसऱ्या लग्नात लावली. परतीच्या गाडीत काकू सारा वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. गाव जवळ आल्यावर एवढंच म्हणाल्या, "पस्तीस वर्षं झाली, पोरी. ह्यायच्या भीतीशिवाय आमच्यावर काईच पडलं नाई."

 रात्री काकांनी भाचीला फोन केला आणि बरी आहेस ना, म्हणून विचारलं.

त्या घरात राहून मलाही ती लागण झाली. बसस्टँडवर मी छपराच्या कडेला उभी राहू लागले. चांदूर रेल्वेला मावशीकडे गेले तेव्हा स्टेशनच्या पुलावर माझी पावलं आपोआप भराभर पडली. खोलीत पलंग भिंतीपासून हातभर सरकवला. आईला हे फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, खोली बदल. मी बदलली नाही. काळजी करणाऱ्या माणसाच्या घरात एक प्रकारची निर्धास्त झोपही येते, कारण आपल्या वाटची काळजी तिथे कोणीतरी आधीच करून ठेवलेली असते.

पाट्या लावायचं काम दिवाळीनंतर सुरू झालं. नऊ नंबरची पाटी धाकट्या वेशीला होती. तिन्हींत ही सगळ्यात लहान आणि सगळ्यात देखणी. वाहनं बाजूच्या पडलेल्या तटातून जायची, वेशीखालून माणसंच तेवढी. कमानीच्या पोटाला, बरोबर मध्यावर, दगडात कोरलेलं कमळ होतं. बाहेरून ते दिसत नाही. कमानीखाली उभं राहून मान सरळ वर केली की पाकळी न् पाकळी दिसते. गावातल्या कित्येकांनी जन्मात ते पाहिलं नव्हतं. मला ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा इतका आनंद झाला की मी नऊ नंबरची सगळी गोष्ट त्याच्याभोवतीच लिहिली.

त्याच कमानीच्या डाव्या खांद्यावर एक भेग होती आणि भेगेवर काकांच्या तीन काचा.

कामगार ड्रिल घेऊन आले तेव्हा काका तिथे होते. भोकं किती खोल, चारच का, पाटी वेगळ्या खांबावर का नाही लावत, असं त्यांनी सगळं विचारून घेतलं. कामगार म्हणाला, आमाले जिथं सांगतलं तिथं लावतो. मग ड्रिल सुरू झालं आणि काकांनी पुढे होऊन तळहात भिंतीवर ठेवला. चारही भोकं होईपर्यंत तसाच. डॉक्टर सुई टोचताना घरचं माणूस पेशंटचा हात धरून बसतं, तसे. येणारे जाणारे हसत होते. मीही जरा लाजून लांब उभी राहिले.

त्यानंतर आठवड्याने मधली काच तडकली.

काकांनी अर्ज केला. संस्थेच्या मॅडम अमरावतीला बसायच्या. मॅडम वाईट नव्हत्या. सहा वर्षं खपून त्यांनी हा प्रकल्प उभा केला होता आणि त्या बोलायच्या त्या नेहमी दमलेल्या आवाजात. मी काकांना घेऊन गेले तेव्हा त्यांनी आम्हाला बसवून चहा दिला, अहवाल दाखवला. तज्ज्ञांनी तिन्ही वेशी पाहिल्या होत्या, डागडुजी झाली होती, धोका नाही असं लिहिलेलं होतं. काकांनी विचारलं, कोणत्या महिन्यात पाहिलं? मॅडमनी कागद उलटून सांगितलं, ऑगस्टमध्ये. काका म्हणाले, "ऑगस्टमदी काळी माती फुगलेली असते, मॅडम. भेग मिटलेली दिसते. मे महिन्यात पाहायले लावा. माती फाटली की समदं उघडं पडते." मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं. खरंच लिहिलं, मी बघितलं.

जानेवारीत उद्घाटन झालं. आदल्या दिवशी साफसफाई करणाऱ्यांनी वेशीवरच्या तिन्ही काचा खरवडून काढल्या. पाटीशेजारी बऱ्या दिसत नव्हत्या. काका संध्याकाळी गेले तर भिंतीवर सिमेंटचे सहा पांढुरके ठिपके. खाली मातीत काचेचा चुरा पडला होता. तो त्यांनी रुमालात गोळा केला. मुलं अनवाणी येतात, म्हणाले.

उद्घाटनानंतर त्यांनी माझ्याकडून फोन चालवायला शिकून घेतलं आणि बावीसही गोष्टी जाग्यावर जाऊन ऐकल्या. मला उत्सुकता होती. इतक्या मन लावून ऐकणारा दुसरा कोणी मला मिळणार नव्हता. दोन दिवसांनी मी विचारलंच, कशा वाटल्या.

म्हणाले, "कोणी बांधलं ते सांगतलं. कवा बांधलं ते सांगतलं. अजून किती दिवस उभं राहीन, ते काई सांगतलं नाई."

मी हसले. ते हसले नाहीत. नऊ नंबर पुन्हा लावा, म्हणाले. मी लावला. माझाच आवाज अंगणात वाजू लागला: "आता कमानीच्या बरोबर मध्यभागी या. घाई करू नका. मान वर करा. दोन मिनिटं असेच उभे राहा आणि या कमळाच्या पाकळ्या मोजा."

त्यांनी फोन बंद केला. "म्या पंधरा वर्षं लोकायले तिथून हटा म्हणून सांगून राहिलो," ते म्हणाले. "कोणी हटत नाई. अन् तुमचा आवाज त्यायले तिथं नेऊन उभा करते. दोन मिनिटं."

काकू ओल्या तुरीच्या शेंगा सोलत होत्या. त्यांचे हात थांबले. त्यांना बहुधा कळलं की आज हे बोलणार.

धारणीकडची गोष्ट त्यांनी मला त्या दिवशी सांगितली. तरुणपणी त्यांची तिकडे बदली होती. जंगलातल्या एका लहान गावात शाळेची खोली होती, तिच्या भिंतीला भेग. त्यांनी काच लावली. दोन महिन्यांनी गेले तर काच तडकलेली. त्यांनी वर कळवलं. वरच्या साहेबांनी सांगितलं, पोरांनी दगड मारला असेल, नवीन लावा आणि पुन्हा बघू. दगडाची खूण कुठेच नव्हती. काकांना ते दिसत होतं. पण नोकरी नवी होती, रस्ता वाईट होता, जीप परत निघायची होती. त्यांनी नवी काच लावली, तिच्यावर नवी तारीख टाकली आणि रजिस्टरात लिहिलं, काच शाबूत. ते खोटं नव्हतं. काच खरोखरच शाबूत होती, एका तासापूर्वीच तर लावली होती.

अकरा दिवसांनी सकाळी भिंत पडली. मुलं अजून यायची होती. आत खिचडी शिजवणारी बाई होती.

"तिच्या घरी गेलो होतो," काका म्हणाले. "तिच्या सासूनं मले पानी देल्लं. तिले मालूम नव्हतं मी कोण हाय थे. म्या पेलो."

 थोड्या वेळाने काकूंनी सोललेले दाणे आत नेले.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना भेटायला अमरावतीला गेले आणि नऊ नंबर बदलायची परवानगी मागितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "अहवाल सुरक्षित म्हणतो आणि आपली ध्वनिफीत धोका म्हणते, असं चालेल का? उद्या लोक बावीसही जागांना घाबरतील. उन्हाळा जाऊ दे, सगळंच एकदा नीट तपासून घेऊ." त्यांचं म्हणणं तसं चुकीचं नव्हतं. मी जिना उतरले. उन्हाळा जाऊ दे, हेच तर होऊन चालणार नव्हतं.

मग मी एक गोष्ट केली. आवाज घुमू नये म्हणून अंगावर दोन गोधड्या घेऊन, पंखा बंद करून, मी माझ्या खोलीत फोनवर नऊ नंबर नव्याने बोलले. कमानीखाली थांबू नका, पलीकडे कडुनिंबाचा पार आहे, तिथे बसा, कमळ कसं आहे ते मी सांगते, ते ऐका. फिती बदलायचा पासवर्ड माझ्याकडे होता. जुनी काढली, नवी घातली. दोन आठवडे ती चालली. ते दोन आठवडे मला बरं वाटायला हवं होतं. पण फोन वाजला की मॅडमचा नंबर तर नाही ना, ते मी आधी बघायचे. मॅडमना कळलं ते कोणीतरी तक्रार केल्यावर. कमळाचं एवढं ऐकून आलो, आणि बसायला सांगतात पारावर. मॅडम रागावल्या नाहीत, त्याहून वाईट झालं, त्या दुखावल्या. जुनी फीत परत गेली. पासवर्ड बदलला. माझं काम मार्चअखेर संपेल असं त्यांनी कळवलं.

मी काकांना सांगितलं. त्यांनी सायकलच्या कॅरिअरला प्लास्टिकची खुर्ची बांधली आणि छत्री घेतली.

तेव्हापासून ते रोज सकाळी सात ते अकरा आणि संध्याकाळी चार ते अंधार पडेपर्यंत वेशीबाहेर खुर्ची टाकून बसायचे. लोक यायचे ते याच वेळात. कोणी कानात इअरफोन घालून कमानीकडे चालू लागलं की हे उठायचे आणि हात जोडून म्हणायचे, बापा, इथं थांबू नका, चालत चालत पाहा. बहुतेक लोक ऐकायचे, काही वाद घालायचे. पुण्याच्या एका बाईंनी विचारलं, तुम्ही इथले वॉचमन का? काका म्हणाले, व्हय. कोणी नेमलं, असं काही त्यांनी विचारलं नाही. गावातली मंडळी मात्र कंटाळली. पाहुणे येऊ लागलेत, दोन चहाच्या टपऱ्या चालू लागल्यात आणि हा माणूस त्यांना भेव दाखवतो. एकदा खुर्ची कोणीतरी नालीत टाकून दिली. काकांनी ती धुऊन पुन्हा आणली.

माझं काम संपलं होतं, तरी मी अकोल्याला परतले नाही. दुपारी ऑनलाइन जाहिराती बोलायचे आणि सकाळी अर्धा वेळ खुर्चीवर बसायचे. एप्रिल संपला. शेतातली माती फाटायला लागली, बांधावर बोट जाईल एवढ्या चिरा पडल्या. भेगेत काका आता पोस्टकार्ड घालून बघायचे. आधी एक जायचं. मग दोन.

मेमध्ये त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, अकोल्याला. ते पुढे ढकलत होते, काकूंनी ढकलू दिलं नाही. जाताना त्यांनी मला खुर्ची दाखवली. "दोन दिवस तुमचे," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सात वाजता जाऊन बसले. आठ वाजेपर्यंत चिटपाखरूही नाही. ऊन तापायला लागलं होतं, बाटलीतलं पाणी संपलं होतं. मी पाणी भरायला टपरीवर गेले. चुलीवर चहा होता, म्हटलं घोटभर घेऊ. दहा मिनिटं झाली असतील, फार तर बारा. परत वळले तर रस्त्यावर कॉलेजची बस उभी होती आणि वेशीखाली मुलीच मुली. तीस-चाळीस असतील. सगळ्या कमानीच्या पोटात, खांद्याला खांदा लावून, माना वर करून उभ्या.

मी धावत ओरडले, "बाजूला व्हा, बाहेर या."

एकीनेही वळून पाहिलं नाही. सगळ्यांच्या कानांत इअरफोन होते. त्यांच्या कानांत मीच बोलत होते. घाई करू नका. दोन मिनिटं असेच उभे राहा. मी घसा फाडून त्यांना बोलावत होते आणि मीच, गोड आवाजात, त्यांना तिथे थांबवून धरलं होतं. एका मुलीचे ओठ हलत होते. ती पाकळ्या मोजत होती.

मी जवळच्या मुलीचा दंड धरून ओढला. ती किंचाळली. मग बाकीच्यांनी कानातलं काढलं. मी एकेकीला ढकलत बाहेर काढत होते, काय बोलत होते मला आठवत नाही. त्यांचे प्राध्यापक धावत आले. मुलींच्या अंगाला हात लावता, म्हणाले, आणि ते रास्तच होतं. मी माफी मागितली. मग मी खाली मातीतच बसले. वरून मातीचा कणही पडला नव्हता. मुली माझ्याकडे बघत, कुजबुजत दहा नंबरच्या पाटीकडे गेल्या. बस गेल्यावरही मी बराच वेळ तिथेच होते. मला पहिल्यांदाच वाटलं की काका चुकीचे ठरावेत, ही वेस आणखी शंभर वर्षं उभी राहावी आणि आम्ही दोघं वेडे म्हणून ओळखले जावं.

संध्याकाळी काका-काकू परतले. डोळ्यावर हिरवी पट्टी, वर काळा चष्मा. धुळीत जायचं नाही, वाकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी त्यांना सगळं सांगितलं, चहाची दहा मिनिटंसुद्धा.  त्यांनी नुसतं, किती पोरी होत्या, असं विचारलं.

वेस त्यानंतर तिसऱ्या दिवशी पडली. दुपारी अडीच वाजता. मी स्वयंपाकघरात काकूंबरोबर होते. आवाज फार मोठा नव्हता, ट्रकमधून खडी ओतल्यासारखा, फक्त खूप वेळ चालला. काका आत झोपले होते. ते बनियनवरच बाहेर आले आणि चप्पल न घालता चालू लागले. काकूंनी अडवलं नाही. मी त्यांचा हात धरला, कारण त्यांना एकाच डोळ्याने दिसत होतं आणि डांबर पायाला चिकटत होतं.

कमान गेली होती. दोन्ही बाजूंचे खांब अर्धेअर्धे उरले होते आणि मधे दगड-विटांचा ढीग, वर धुळीचा लोट. माणसं जमली होती. सगळे सांगत होते की खाली कोणी नव्हतं. टपरीवाला सांगत होता, मी समोरच होतो, कुत्रंबी नव्हतं. काका म्हणाले, "उचला."

लोक समजावू लागले. जेसीबी येईल, उद्या करू, या उन्हात कशाला. काका स्वतः वाकले आणि एक वीट उचलली. मग दुसरी. तेव्हा टपरीवाला पुढे आला, मग त्याचा भाऊ, मग जे त्यांना भेव दाखवतो म्हणून बोल लावायचे तेही. मी काकांना धरून पाराच्या कडेला बसवलं आणि माझी ओढणी त्यांच्या तोंडावर, डोळ्यांवर गुंडाळली.

"मले दिसत नाई," ते ओढणीतून म्हणाले. "तुमी पाहा. खाली कोणी हाय का, नीट पाहा."

मी बघत राहिले. दगड निघत होते. मी दर थोड्या वेळाने सांगत होते, कोणी नाही काका, अजून कोणी नाही. त्यांचा हात माझ्या मनगटाभोवती होता आणि दर दगडाला घट्ट व्हायचा. मलाही, टपरीवाल्याने शपथेवर सांगूनही, एका क्षणी ढिगात निळं कापड दिसल्यासारखं झालं. ती पाटी होती. सव्वासहाला एका जागी जमीन दिसली. मग आणखी थोडी. सातला पूर्ण.

"जमीन दिसली, काका. कोणी नाही."

"पुरी?"

"पुरी."

त्यांनी माझं मनगट सोडलं. त्यावर त्यांची चार बोटं उमटली होती. ते तसेच पारावर आडवे झाले आणि दगड उचलणारी माणसं आजूबाजूला पाणी पीत उभी असताना झोपून गेले.

डोळ्यात धूळ गेली होतीच. त्या डोळ्याला पुढे पूर्ण दिसलं नाही. 

मॅडम पंधरा दिवसांनी घरी आल्या. बराच वेळ हातातला कप तसाच धरून बसल्या. काकांनी त्यांना उरलेल्या दोन वेशींचं विचारलं. एकीला आधार द्यायला मॅडमनी आधीच सांगितलं होतं. मग त्या माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, नऊ नंबरला आता काहीतरी सांगायला लागेल, तूच लिही. त्यांनी कच्चा मजकूरही आणला होता. त्यात एक वाक्य होतं: जागरूक नागरिकांच्या दक्षतेमुळे या घटनेत कोणालाही इजा झाली नाही.

मी ते काकांना वाचून दाखवलं. मला वाटलं, त्यांना बरं वाटेल.

"हे काहून लिवलं?" ते म्हणाले. "त्या दिवशी मी झोपलो होतो. तुमी आत होत्या. आपण कोणाले वाचवलं?"

मी म्हटलं, मग काय लिहू.

ते विचार करून म्हणाले, "दुपारचं ऊन होतं. म्हणून खाली कोणी नव्हतं. तेवढंच लिवा."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मग होकारार्थी मान हलवली.

मी तसंच बोलले. वेस कधीची, कमळ कसं होतं, ती कशी पडली, आणि शेवटी ते वाक्य. काकांना घेऊन जाग्यावर गेले. नवी पाटी आता पाराशी, लोखंडी खांबावर होती. त्यांनी कानात घालून शेवटपर्यंत ऐकलं आणि मग पुन्हा एकदा ऐकलं.

"ऊन म्हणता, तिथं जरा थांबा," ते म्हणाले. "घाईत म्हटलं तर लोकायच्या ध्यानात येत नाई."

मी घरी येऊन ते पुन्हा रेकॉर्ड केलं. सध्या तिथे ऐकू येतं ते हे दुसऱ्यांदा बोललेलं.